व्होल्टेज कमी, तरी मोटार का जळते?

विद्युतप्रवाह, दाब आणि रोध यांचा शेतशिवारातला हिशेब

वाशिम, प्रतिनिधी

खरिपाचे सोयाबीन घरात येते, तूर शेंगांवर असते आणि हरभरा-गव्हाला पाणी देण्याची घाई सुरू होते. नेमक्या याच दिवसांत वाशिम जिल्ह्यातील गावागावांतून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘डीपी जळाली’ आणि दुसरी म्हणजे ‘मोटार जळाली’. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील शेतकऱ्यांना या दोन वाक्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. विहिरीत पाणी असते, पैनगंगेच्या पात्रात पाणी असते, पण ते पिकापर्यंत पोहोचत नाही.

मोटार का जळाली असे विचारले, तर बहुतेक वेळा ‘व्होल्टेज कमी होते’ असे उत्तर मिळते. हे उत्तर बहुतांशी बरोबर असले, तरी त्यात एक कोडे दडलेले आहे. व्होल्टेज कमी म्हणजे वीज कमी, असे आपण समजतो. मग कमी विजेने मोटार बंद पडायला हवी. ती तापून जळते कशी? या कोड्याचे उत्तर शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात असलेल्या तीन शब्दांत आहे. विद्युतप्रवाह, विद्युतदाब आणि रोध हे ते तीन शब्द. दहावीच्या परीक्षेनंतर हे शब्द विसरले जातात. परंतु ज्याच्या शेतात मोटार आहे त्याच्या खिशाशी आणि जिवाशी त्यांचा रोजचा संबंध आहे.

तीन शब्द, एक नाते

विजेची तुलना पाण्याशी करण्याची पद्धत जुनी आहे आणि शेतकऱ्याला ती लवकर पटते. उंचावर बांधलेली पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर अधिक. विजेतील या जोराला विद्युतदाब म्हणतात आणि तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून दर सेकंदाला जितके पाणी वाहते, तसा तारेतून दर सेकंदाला जितका विद्युतभार वाहतो तो विद्युतप्रवाह. त्याचे एकक अँपिअर. नळ अरुंद आणि लांब असेल, तर पाण्याला अडथळा होतो. तारेत प्रवाहाला होणाऱ्या अशाच अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात.

तारेतून प्रत्यक्ष वाहतात ते इलेक्ट्रॉन. एक अँपिअर प्रवाह म्हणजे तारेच्या कोणत्याही एका ठिकाणावरून दर सेकंदाला जाणारे सुमारे ६२४ वर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन. संख्या प्रचंड असली, तरी धातूच्या अणूंवर आदळत, धडपडत त्यांना पुढे जावे लागते. या धडपडीत तार तापते. रोध आणि उष्णता यांचा संबंध तेथेच जुळतो.

पाण्याची उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते. नळ फुटला तर पाणी बाहेर वाहते. तार तुटली तर प्रवाह थांबतो. विजेला जाण्याचा आणि परत येण्याचा असा पूर्ण रस्ता लागतो. हा रस्ता कधी ओल्या जमिनीतून, तर कधी माणसाच्या शरीरातून पूर्ण होतो. त्याचे परिणाम पुढे पाहू.

शिक्षकाने शोधलेला नियम

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० साली सलग प्रवाह देणारी पहिली बॅटरी जगासमोर आणली. व्होल्ट हे एकक त्यांच्या नावाचे, तर अँपिअर हे फ्रान्सच्या आंद्रे-मारी अँपिअर यांच्या नावाचे. दाब, प्रवाह आणि रोध यांचे नाते मात्र जर्मनीतील एका शाळामास्तराने शोधले. कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा मुलगा असलेले गेऑर्ग ओहम कोलोन येथे शिकवत असताना वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन त्यांतील प्रवाह मोजत होते. १८२७ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला मायदेशात त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले.

ओहमचा नियम एका ओळीत सांगता येतो. दाबाला रोधाने भागले, की प्रवाह मिळतो. दाब वाढला तर प्रवाह वाढतो. रोध वाढला तर प्रवाह घटतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी, की प्रवाहाला रोधाने गुणले, की त्या रोधात किती व्होल्ट खर्ची पडले ते कळते. शेतातील विजेचा बहुतेक हिशेब या दुसऱ्या बाजूवर चालतो.

तारेची लांबी दुप्पट झाली, तर रोध दुप्पट होतो. जाडी, म्हणजे तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ, दुप्पट केली तर रोध निम्मा होतो. धातूही महत्त्वाचा आहे. तेवढ्याच लांबी-जाडीच्या तांब्याच्या तारेपेक्षा ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध सुमारे दीडपट असतो. तरीही खांबांवर ॲल्युमिनियमच दिसते, कारण ते हलके आणि स्वस्त आहे.

शेगडी मवाळ, मोटार हट्टी

आता मूळ कोड्याकडे वळू. विजेच्या कॉइलच्या शेगडीचा रोध ४८ ओहम आहे असे समजू. २४० व्होल्टवर ती ५ अँपिअर प्रवाह घेईल आणि २४० गुणिले ५, म्हणजे १२०० वॅट शक्तीने तापेल. दाब २०० व्होल्टवर आला, तर प्रवाह सुमारे ४.१७ अँपिअरवर येईल आणि शक्ती ८३३ वॅटपर्यंत घसरेल. चहाला वेळ लागेल, पण शेगडी जळणार नाही. ओहमचा नियम सांगतो तसेच येथे घडते. दाब उतरला, प्रवाहही उतरला.

पाणी उपसणाऱ्या मोटारीचे वागणे वेगळे आहे. विहिरीची खोली तीच असते, पाइप तेच असतात आणि पंपाला पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचे असते. हे काम कमी होत नाही. मोटारीचे फिरणे दाब उतरल्याने थोडेसेच मंदावते आणि अंगावरचे काम ती जवळपास तेवढेच करीत राहते. शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. गुणाकार तोच ठेवायचा आणि एक आकडा घटला, तर दुसरा वाढलाच पाहिजे. म्हणून दाब उतरला, की मोटार अधिक प्रवाह ओढते.

येथे ओहमचा नियम मोडला असे नाही. फिरणारी मोटार म्हणजे केवळ तारेचा रोध नव्हे. ती फिरत असताना तिच्या आतच पुरवठ्याला विरोध करणारा उलट दाब तयार होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. मोटार मंदावली, की हा आवर सैल होतो. ती अडकून थांबली तर आवर जवळजवळ नाहीसा होतो. चालू करताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह घेते त्याचे कारणही हेच आहे.

वाढलेला प्रवाह जातो तो मोटारीच्या आतील तांब्याच्या वेढ्यांतून, म्हणजे वाइंडिंगमधून. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. दाब ४१५ वरून ३४३ व्होल्टवर आला, तर तेच काम करण्यासाठी प्रवाह सुमारे २१ टक्क्यांनी वाढावा लागतो आणि वाइंडिंगमधील उष्णता जवळपास दीडपट होते. वेढ्यांवरचे वार्निशचे आवरण ही उष्णता फार काळ सोसत नाही. विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा असा आहे, की तापमान मर्यादेपेक्षा दहा अंशांनी वाढले, की आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते. आवरण जळाले, की वेढे एकमेकांना चिकटतात आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाते.

मोटार चालूच झाली नाही, तर धोका आणखी मोठा असतो. मोटारीचा सुरुवातीचा पिळण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ ऐवजी ३४३ व्होल्ट मिळाले, तर हा जोर सुमारे दोन तृतीयांशच उरतो. मग मोटार नुसती घुमते, फिरत नाही. अशा घुमणाऱ्या मोटारीतून अनेक पट प्रवाह जात असतो आणि ती काही मिनिटांतच जळू शकते.

व्होल्ट हरवतात कोठे?

कमी दाब येतो कोठून, हा पुढचा प्रश्न. उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टची वाहिनी शिवारात येते. तेथील रोहित्र, ज्याला गावात सर्रास डीपी म्हणतात, हा दाब सुमारे ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते. तेथून लघुदाबाच्या तारा शेतांपर्यंत जातात. खरी गळती होते ती या शेवटच्या टप्प्यात.

पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराने चालताना साधारण साडेसात अँपिअर प्रवाह घेते. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर दिलेला असतो. रोहित्रापासून ६०० मीटरपर्यंत ३० चौरस मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार गेली आहे असे समजू. अशा तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९४ ओहम, म्हणजे ६०० मीटरला सुमारे ०.५६ ओहम येतो. अर्ध्या ओहमहून थोडा अधिक असा हा आकडा अगदी किरकोळ वाटतो.

तारेच्या टोकाला पाच पंप चालू झाले, तर प्रवाह साडेसदतीस अँपिअर होईल. त्याला ०.५६ ने गुणले, की २१ व्होल्ट येतात. प्रत्येक फेजवरचे २४० व्होल्ट शेवटी २१९ उरले आणि फेज-फेजमधील ४१५ व्होल्ट सुमारे ३७९ झाले. दहा पंप चालू झाले, तर घट ४२ व्होल्टची होईल. प्रत्येक फेजवर १९८ आणि फेज-फेजमध्ये सुमारे ३४३ व्होल्ट उरतील. समजण्यासाठी सर्व पंप टोकालाच धरलेला हा सोपा हिशेब आहे. प्रत्यक्षात पंप वाटेत विखुरलेले असतात. तरी चित्र तेच राहते. रोहित्राजवळच्या शेतकऱ्याची मोटार नीट चालते आणि शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याची जळते.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी लघुदाबाच्या पुरवठ्यात सहा टक्के कमी-अधिक एवढी मर्यादा घालून दिली होती. ४१५ व्होल्टला ही मर्यादा लावली, तर ३९० ते ४४० व्होल्टचा पट्टा मिळतो. वरच्या उदाहरणात पाच पंपांनीच ही मर्यादा ओलांडली. दाब उतरला म्हणून मोटारींनी अधिक प्रवाह ओढला, की तारेतील घट आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

डीपीही त्याच नियमाने जळते

रोहित्रावर ६३ किंवा १०० केव्हीए असा आकडा लिहिलेला असतो. ती त्याची क्षमता. ६३ केव्हीएचे रोहित्र ४३३ व्होल्टच्या बाजूने सुमारे ८४ अँपिअर प्रवाह देऊ शकते. साडेसात अँपिअरने भागले, तर पाच अश्वशक्तीचे अकरा पंप झाले. त्यावर जितके पंप चालतील, मग ते मंजूर जोडणीचे असोत, आकडा टाकून घेतलेले असोत किंवा मंजुरीपेक्षा मोठ्या अश्वशक्तीचे असोत, त्यांचा प्रवाह रोहित्राच्या आतील वेढ्यांवर पडतो. उष्णता येथेही वर्गाच्या प्रमाणात वाढते. रोहित्रातील तेल ही उष्णता बाहेर काढते. तेलाची पातळी खाली गेली असेल, तर तोही आधार राहत नाही.

शेतीपंपांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशा चक्राकार पद्धतीने थ्री फेज पुरवठा देण्याची रीत राज्यात वर्षानुवर्षे राहिली आहे. मध्यरात्री, थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत मोटार चालू करायला जावे लागू नये म्हणून शेतकरी ऑटो स्विच बसवितात. त्यामागची अडचण खरी आहे. परंतु वीज येताच त्या रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी चालू होतात. चालू होताना मोटार पाच ते सात पट प्रवाह घेते, हे आपण पाहिले. अकरा मोटारींनी सहा पट प्रवाह एकदम मागितला, तर ८४ अँपिअरच्या रोहित्राकडे सुमारे पाचशे अँपिअरची मागणी होते. दाब एकदम कोसळतो, मोटारी घुमत राहतात, फ्यूज जातो किंवा रोहित्रच जाते. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण वारंवार करते, त्यामागे हा हिशेब आहे.

कपॅसिटरचे काम थोडक्यात असे. मोटारीला पाणी उपसण्यासाठी लागणाऱ्या प्रवाहाखेरीज आतील चुंबकीय क्षेत्रासाठीही प्रवाह लागतो. हा दुसरा प्रवाह काम करीत नाही, पण तारेतून ये-जा करून तार तापवितो. मोटारीजवळच कपॅसिटर बसविला, तर ही देवाणघेवाण तेथल्या तेथे होते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर योग्य बसविला, तर तारेतील साडेसात अँपिअर प्रवाह सव्वासहा अँपिअरच्या आसपास येऊ शकतो. एकट्याने बसवून फार फरक पडत नाही. रोहित्रावरील सर्वांनी बसविला, तर शेवटच्या खांबावरचा दाब सावरतो.

आपल्याच केबलमधली गळती

सर्वच दोष खांबावरच्या तारेचा नसतो. शेवटच्या खांबापासून विहिरीपर्यंतची केबल शेतकरी स्वतः घेतो आणि पैसे वाचविण्यासाठी अनेकदा बारीक घेतो. समजा अंतर ३०० मीटर आहे आणि केबल तांब्याची आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलचा रोध सुमारे २.२ ओहम होतो आणि साडेसात अँपिअरला तिच्यात जवळपास १७ व्होल्ट खर्ची पडतात. चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर साडेदहा व्होल्ट जातात. सहाची घेतली, तर सुमारे सात. बारीक केबल एकटीच २४० पैकी सात टक्के दाब गिळते. केबलमध्ये वाचविलेले पैसे रिवाइंडिंगमध्ये जातात, ते असे.

सैल जोडही असाच दगा देतो. स्टार्टरमधील काळवंडलेला काँटॅक्ट, पिळून बांधलेली तार किंवा गंजलेला क्लँप यांच्यात अर्धा ओहम रोध तयार झाला आणि तेथून २० अँपिअर प्रवाह गेला, तर दहा व्होल्ट वाया जातात आणि मुठीएवढ्या जागेत २०० वॅट उष्णता निर्माण होते. ठिणग्या, जळका वास आणि वितळलेले प्लास्टिक ही त्याची लक्षणे. एखाद्या फेजचा जोड पूर्ण तुटला, तर मोटार दोन फेजवर चालू राहते आणि त्या दोन फेजमधील प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास जातो. अशा वेळी मोटार वाचविण्याचे काम सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले करतात.

फ्यूज म्हणजे जाणूनबुजून ठेवलेला कमकुवत दुवा. प्रवाह वाढला, की त्याची बारीक तार रोधामुळे तापून वितळते आणि पुढचे नुकसान टळते. फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार घातली जाते. फ्यूज मग जात नाही. त्याच्या जागी मोटार किंवा रोहित्र जाते.

११ हजार व्होल्ट कशासाठी?

एवढा धोकादायक दाब गावापर्यंत आणायचाच कशाला, असाही प्रश्न विचारला जातो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस येथे महानिर्मितीचे औष्णिक वीज केंद्र आहे. राज्याचे जाळे एकमेकांना जोडलेले असल्याने वाशिमच्या मोटारीला मिळणारी वीज कोणत्याही केंद्रातून आलेली असू शकते. ती शेकडो किलोमीटर आणायची, तर तारेचा रोध टाळता येत नाही. प्रवाह मात्र कमी करता येतो. एक हजार किलोवॅट वीज ४१५ व्होल्टवर पाठवायची, तर सुमारे १३९० अँपिअर प्रवाह लागेल. ११ हजार व्होल्टवर तीच वीज सुमारे ५२ अँपिअरमध्ये जाते. प्रवाह साडेसव्वीस पट कमी झाला, म्हणजे त्याच तारेतील उष्णता सुमारे सातशे पट कमी झाली.

हेच सूत्र शिवारात लावण्यासाठी महावितरणने २०१८ पासून शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली, म्हणजे एचव्हीडीएस, राबविली. तीत ११ हजार व्होल्टची वाहिनीच विहिरीजवळ नेली जाते आणि एक-दोन पंपांना एक छोटे रोहित्र दिले जाते. लघुदाबाची लांब तार जवळपास नाहीशी होते. कोणाच्या आकड्यामुळे कोणाची मोटार जळाली, हा वादही कमी होतो.

सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. उपकेंद्रांच्या जवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देणे, हा तिचा गाभा. स्वतंत्र सौर पंपाच्या बाबतीत तर पॅनेलपासून मोटारीपर्यंतचे अंतर काही मीटरचेच असते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य सरकारने माफ केले. बिल माफ होऊ शकते; तारेचा रोध माफ होत नाही. रोहित्रावरचा भार आणि तारेची लांबी जशीच्या तशी राहिली, तर फुकट विजेवरही मोटार जळेल.

शरीराचाही रोध असतो

मोटार जळाली तर पैशांचे नुकसान होते. तेच तीन शब्द माणसाच्या शरीराला लागू झाले, की प्रश्न जिवाचा होतो. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. अंग ओले असले, हात चिखलात असले, की तो सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २४० व्होल्टला एक हजाराने भागले, तर ०.२४ अँपिअर येतात. हा आकडा छोटा दिसतो, पण शरीरातून जाणारा ०.०३ अँपिअर प्रवाहही धोकादायक ठरतो आणि ०.१ अँपिअर प्रवाह काही क्षण छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज माणसाला वाचवीत नाही. पाच अँपिअरचा फ्यूज जाण्याच्या कितीतरी आधी पाव अँपिअर प्रवाहाने जीव गेलेला असतो. माणसासाठी असतो तो ०.०३ अँपिअरची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी, आणि नीट केलेले अर्थिंग. मोटारीची लोखंडी पेटी, स्टार्टरचा डबा यांना अर्थिंग असेल, तर गळती झालेल्या प्रवाहाला माणसापेक्षा कमी रोधाचा रस्ता मिळतो.

रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी तारेच्या कुंपणात थेट वीज सोडण्याचे प्रकार विदर्भात घडतात. त्यात रात्री ओलीत करणारा शेतकरी, शेजारचा मजूर किंवा घरचाच माणूस बळी पडतो. ‘झटका मशीनमध्ये हजारो व्होल्ट असतात, तरी कोणी मरत नाही, मग २४० व्होल्टने काय होते?’ असा युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा आहे. झटका यंत्राचा दाब मोठा असला, तरी झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यातील ऊर्जा अगदी मर्यादित असते आणि दोन झटक्यांमध्ये सुमारे सेकंदभराचा अवकाश असतो. तेवढ्यात प्राणी मागे हटतो. थेट जोडलेल्या तारेत प्रवाह अखंड असतो आणि त्यामागे संपूर्ण रोहित्राची क्षमता उभी असते. स्नायू आखडल्याने तार धरलेला हात सुटतच नाही. अशा मृत्यूनंतर सदोष मनुष्यवधाचा गुन्हाही दाखल होऊ शकतो.

हंगामापूर्वी एवढे पाहावे

- मोटारीच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा लिहून ठेवावा. स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर बसवून घ्यावेत. दाब उतरलेला आणि प्रवाह पाटीवरील आकड्यापेक्षा वाढलेला दिसला, की मोटार बंद करावी.
- मोटार नुसती घुमत असेल, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबू नये.
- ओव्हरलोड रिले पाटीवरील प्रवाहाला जुळवून घ्यावा. तो सारखा तुटतो म्हणून वाढवून ठेवू नये.
- खांबापासूनचे अंतर सांगूनच केबल विकत घ्यावी. अंतर वाढले, की जाडी वाढली पाहिजे.
- एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून पंपांची बेरीज करावी, पाळ्या ठरवाव्यात, ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवावेत.
- जोड, काँटॅक्ट आणि अर्थिंग यांची तपासणी परवानाधारक वायरमनकडून, पुरवठा बंद करूनच करावी. रोहित्रावर किंवा खांबावर स्वतः चढू नये.
- मंजुरीपेक्षा मोठी मोटार बसविली असेल, तर भार वाढवून घ्यावा. कागदावरचा भार कमी राहिला, तर रोहित्रही लहानच मिळते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. ६ जून २००५ पासून निर्मिती, पारेषण आणि वितरणाच्या कंपन्या वेगळ्या झाल्या. रोहित्र वेळेवर बदलून देणे, तारा ओढून देणे, लांब वाहिन्या तोडून नवी रोहित्रे बसविणे ही जबाबदारी वितरण कंपनीचीच आहे आणि त्यासाठी शेतकऱ्याने आग्रह धरलाच पाहिजे. ‘व्होल्टेज नाही’ एवढीच तक्रार केली, तर ती नोंदवहीत पडून राहण्याची शक्यता अधिक. ‘रोहित्र ६३ केव्हीएचे आहे, त्यावर अठरा पंप आहेत, शेवटचा पंप ७०० मीटरवर आहे आणि तेथे ३४० व्होल्ट मिळतात’ असा आकड्यांसह अर्ज दिला, तर त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे कोणत्याही कार्यालयाला कठीण जाते.